काकांची 'ले'बंदी

सरकारने तोंडबंदी लादली की आम्ही पत्रकं काढतो, घसा बसेपर्यंत ओरडतो. पण आपल्याच घरावर आपण होऊन तोंडबंदी लादणारा माणूस उभ्या वऱ्हाडात एकच, आमच्या शेजारचे काका. दर्यापूरकडचा ओलिताचा मळा भावाच्या हवाली करून ते बायको, पोरगी आणि म्हैस घेऊन अमरावतीला आले. का, तर गावची शाळा चौथीत संपत होती. पहिल्याच दिवशी पोरगी वर्गात म्हणाली, "बाई, मले फळा दिसत नाई." वर्ग खदाखदा हसला. बाईंनी निरोप धाडला, सहामाहीपर्यंत शुद्ध बोलली नाही तर शाळेतून नाव काढून टाकू. झालं! काकांनी घरात 'ले' बंद केला. मले, तुले, त्याले, सगळे हद्दपार. काकू दोन दिवस मुक्याच राहिल्या. म्हशीला काका "अहो, जरा सरकता का?" म्हणू लागले, तशी ती पान्हा चोरू लागली, मग काकू गोठ्यात जाऊन तिच्या कानाशी वऱ्हाडीत माफी मागायच्या.

बरं, बंदी म्हणजे सरसकट. जिथे 'ले' सापडेल तिथे 'ला'! "चार पाहुणे आला, जेवला अन् गेला," असं ते ऐटीत सांगत. बाजारात त्यांचं भाजीचं दुकान. अद्रकाला पुस्तकात 'आले' म्हणतात हे पोरीकडून कळलं, पण त्यातही मेला 'ले' निघाला. दुसऱ्या दिवशी आम्ही तिथेच बंदी असलेली पत्रकं वाटत होतो आणि काका गरजले, "आला! आला! ताजा आला!" पोलीस आला समजून आम्ही गठ्ठा त्यांच्या वांग्यांत कोंबून पळालो. त्या दिवशी अर्ध्या अमरावतीने वांगी क्रांतीत बांधून नेली.

मला संताप आला तो त्या बाईंचा. लेकराच्या तोंडातली आईची बोली अशुद्ध ठरवणाऱ्या ह्या कोण? खरमरीत मजकूर लिहून काकांकडे नेला. त्यांनी ऐकला, दार लोटलं आणि स्वतःची बंदी स्वतःच मोडली. "पोट्ट्या, तुले भांडाले मजा येते. पन नाव माह्या पोरीचं कटन! मंग मी मळा काहून सोडला?" कागद चुलीत गेला.

पोरगी टिकली. नुसती टिकली नाही, शिकून अकोल्याला मुलींच्या शाळेत मास्तरीण झाली. परवा सुटीला आली तेव्हा मी त्यांच्या ओट्यावरच होतो. "बाबा, कसे आहात?" तिने विचारलं. शब्द कसे धुऊन वाळवलेले. काका खाटेवरून उठून उभे राहिले. "बरं आहे. आपण बसावं."

"अवो, पोरगी हाये थे आपली!" आतून काकू म्हणाल्या.

पोरगी पिशवी हातात घेऊन उंबऱ्यातच थांबली. काका घाईघाईने सदऱ्याची बटणं लावत होते.