फोन नंबर नसलेलं पान

“अगं, आमची गाडी एअरपोर्टच्या डिपार्चर गेटसमोर उभी आहे. सिक्युरिटीवाला ड्रायव्हरला हाकलतोय आणि पेशंटचा पत्ता नाही. काय चाललंय काय तुमच्या वेबसाइटचं?”

फोनवर वसंता अक्का होत्या. आमची कंपनी ज्यांची वेबसाइट चालवते तो क्लायंट म्हणजे एक डायलिसिस सेंटर, आणि पेशंटना घरून आणणाऱ्या गाड्या तिथे अक्का सांभाळतात. मूळच्या निपाणीच्या, पण इथे, या कानडी शहरात, इतकी वर्षं काढलीत की चिडल्या की निम्मं कन्नड बोलतात. मी पुण्याची. मराठीत भांडता येतं म्हणून त्या सपोर्टला मेल न टाकता सरळ मलाच फोन लावतात.

मी हेब्बाळच्या ऑफिसात, मीटिंग रूममध्ये लॅपटॉप स्क्रीनला जोडत होते. त्याच सेंटरचे मालक, डॉक्टर, आमचा रिपोर्ट बघायला निघाले होते. रिपोर्ट चांगला होता. स्क्रीनवर बुकिंगची हिरवी रेघ वर चढत होती. माझा बॉस श्रीकांत, पक्का नागपूरकर, त्या रेघेकडे बघून सकाळपासून खुशीत होता.

“अक्का, पेशंट डिपार्चरला कशाला असेल?”

“तेच मी तुला विचारतेय! बुकिंगमध्ये लोकेशन तिथलंच आलंय. नवा पेशंट आहे, नागराजप्पा. परवाच हुबळीहून मुलीकडे राहायला आलाय. घर बदलायच्या गडबडीत मागचं डायलिसिस चुकलंय. डॉक्टरांनी बजावून सांगितलंय, आजचं चुकवायचं नाही. मुलीने बुकिंग केलंय आणि तिचा फोन बंद!”

किडनी काम करेनाशी झाली की माणसाचं रक्त मशीनने साफ करावं लागतं, ते डायलिसिस. ते ठरल्या दिवशी झालंच पाहिजे. एकदा चुकलं तर अंगात पाणी साठतं, धाप लागते. लागोपाठ दुसऱ्यांदा चुकलं तर काय होतं, हे अक्कांना विचारायची माझी हिंमत झाली नाही.

“हुबळीच्या हॉस्पिटलला विचारलंत?”

“विचारलं की. त्यांच्याकडे हुबळीचाच पत्ता. आता स्वल्प डोकं चालव तुझं. मी मशीन धरून ठेवलंय, पण किती वेळ धरू? पुढचा पेशंट बाहेर येऊन बसलाय.”

फोन चालूच ठेवला आणि बुकिंग उघडलं. नाव, वय, मुलीचा मोबाइल नंबर आणि नकाशावर एक लाल टिकली. बस, एवढंच. टिकली बरोब्बर डिपार्चर गेटवर. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मुलगी विमानाची वाट बघत बसली असणार. तिथेच बाबांसाठी बुकिंग केलं, ‘माझं लोकेशन वापरा’ हे बटण दाबलं आणि विमानात चढली. आता ती आकाशात, गाडी गेटवर आणि म्हातारा कुठल्या तरी घरात गाडीची वाट बघत बसलेला.

हे बटण आलं कुठून, ते सांगते. आम्ही या पानावर एक प्रयोग चालवला होता. ए/बी टेस्ट म्हणतात त्याला. येणाऱ्या निम्म्या लोकांना जुनं पान दाखवायचं, ते ए. निम्म्यांना नवं, ते बी. कुठल्या पानावर जास्त बुकिंग होतं ते मोजायचं. जिंकेल ते पान ठेवायचं. पूर्वी बी बनवायला आमचे डिझायनर आठवडे घालवायचे. आता एआयला लिहून सांगायचं, की ते पान बनवून देतं. जे लिहून सांगतो तो प्रॉम्प्ट.

हा प्रॉम्प्ट श्रीकांतने लिहिला होता, एका कॉलवर बोलता बोलता. ‘पान एकदम सोपं कर. युजरला कमीत कमी टाइप करावं लागलं पाहिजे. अनावश्यक ते सगळं काढ. बुकिंग वाढलं पाहिजे.’ संपलं. मी म्हटलं होतं, “अरे, कोणासाठी आहे, काय ठेवायचं, काहीतरी लिही की.” तर म्हणे, “तेवढं त्याला समजते.” पान मात्र देखणं आलं. मलाही आवडलं होतं, खोटं कशाला बोलू?

जुन्या पानावर पेशंटच्या घरचा पत्ता, जवळची खूण आणि घरातल्या कोणाचा तरी नंबर विचारलेला असायचा. लांबलचक, कंटाळवाणा फॉर्म. एआयने तो सगळा उडवून एक बटण ठेवलं. पण या शहरात आईवडिलांची बुकिंगं मुलंच करतात. ऑफिसातून, कॅबमधून, परदेशातून. आम्ही सगळे तेच करतो. मी माझ्या आईची रक्ततपासणी पुण्यात बुक करते ती इथे बसून. आणि तरीही फॉर्म भरणारा आणि आजारी माणूस एकाच जागी असेल, हे आमच्यापैकी कोणालाच खटकलं नव्हतं.

“अक्का, या आठवड्यात आणखी कुणाचं असं झालं का?”

“झालं की! दोनदा गाडी टेक पार्कात जाऊन उभी राहिली. मी ड्रायव्हरला शिव्या घातल्या, बिचाऱ्याला.”

एवढ्यात श्रीकांत आत आला. मी त्याला सगळं सांगितलं आणि म्हटलं, “टेस्ट बंद करते.”

“वेडी आहेस का? शुक्रवारी संपते आहे ना टेस्ट! आज बंद केली तर डाटा कचऱ्यात.”

तो नियमाने बोलत होता. प्रयोग मध्येच थांबवला की निकाल धरता येत नाही. भात अर्धा शिजल्यावर गॅस बंद करण्यासारखं ते. एरवी कोणी मध्येच थांबवायला निघालं तर मीच त्याच्या अंगावर धावून जाते.

“आणि बंद करून त्या पेशंटचं काय होणार आहे? त्याचं बुकिंग तर होऊन गेलं. ड्रायव्हरला शोधू दे. डॉक्टर खाली पोचले आहेत, बाप्पा!”

फोनमध्ये अक्का कोणाला तरी कन्नडमध्ये विनवत होत्या, आणखी जरा थांबा म्हणून. म्हटलं, विचार कर. गाडी आली नाही की घरातला माणूस काय करेल? मुलीला फोन लावेल. लागत नाही. मग? मग सेंटरचा नंबर शोधेल. कुठे शोधेल? मुलीने पाठवलेल्या लिंकवर.

मी माझ्या मोबाइलवर बी पान उघडलं. वर बघितलं, नंबर नाही. खाली गेले. अगदी तळापर्यंत गेले. नंबर नव्हताच! जुन्या पानावर सगळ्यात वर, मोठ्या आकड्यांत असायचा. बुकिंगची लिंक कुणी पुढे पाठवली, की तिच्यासोबत पानही तेच जातं. मुलीला बी दिसलं, म्हणजे घरच्यांनाही बीच दिसणार.

“श्रीकांत, नंबर काढलाय एआयने.”

“मग डेव्हलपरला सांग, टाकून देतील.”

“कधी? संध्याकाळी? माणूस मरायला टेकलाय तिकडे!”

ओरडलेच मी. काचेपलीकडचे लोक वळून बघायला लागले. पानात काही बदलायचं तर डेव्हलपर, टेस्टिंग, रांग. पण अख्खी टेस्ट बंद करून सगळ्यांना जुनं पान दाखवायचं, तर एक बटण दाबायचं. ते माझ्या हातात होतं.

“हे बघ, तू दाबलंस तर डॉक्टरांना तूच सांगायचं,” श्रीकांत म्हणाला.

“सांगते,” म्हटलं आणि दाबलं.

स्क्रीनवरची हिरवी रेघ थांबली. बाकी काहीच झालं नाही. श्रीकांत खुर्चीत बसला, माझ्याकडे न बघता. कानात अक्कांच्या ऑफिसातला पंखा ऐकू येत होता. मला वाटलं, झालं, डाटाही गेला आणि माणूसही.

मग अक्कांच्या टेबलावरचा फोन वाजला.

“हां, हेळी अम्मा... सरी, सरी... यारु? नागराजप्पा?” कोण म्हणून विचारताना अक्कांचा आवाज एकदम चढला. “अगं, त्याची बायको आहे! टॅब घेऊन बसलीय. पुन्हा पुन्हा पान उघडतेय, नंबरच सापडत नव्हता म्हणते. आत्ता उघडलं तर वरच दिसला. देवनहळ्ळीचा किल्ला ओलांडून नव्या घरांचं लेआउट आहे, पाण्याच्या टाकीमागचं दुसरं घर. धाप लागलीय म्हणते त्याला. एअरपोर्टजवळच आहे की! ठेव तू, गाडी पाठवते.”

मी फोन ठेवला आणि रडले. लाज वाटली, पण रडले.

डॉक्टर आत आले तेव्हा माझे डोळे लाल होते. मी रिपोर्ट उघडलाच नाही. सरळ सांगितलं, “बुकिंग वाढलं, हे खरं आहे. पण आम्ही बटण दाबणारे मोजले, सेंटरला पोचणारे मोजलेच नाहीत. आणि टेस्ट मी बंद केली आहे.” श्रीकांत टेबलाकडे बघत होता. डॉक्टरांनी एकच विचारलं, “पेशंट कुठे आहे?” “गाडी घरी निघालीय,” म्हटलं आणि आम्ही वाट बघत थांबलो; तासाभराने अक्कांचा मेसेज आला. नागराजप्पा मशीनवर होते. पुढच्या पेशंटने कुरकुर करत का होईना, आपली पाळी त्यांना दिली होती.

डॉक्टर गेल्यावर मी एआयला विचारलं, फोन नंबर का काढलास? त्याने लगेच उत्तर दिलं. नंबर दिसला की काही लोक फॉर्म न भरता फोन करतात आणि फोन बुकिंगमध्ये मोजला जात नाही, म्हणून काढला. उत्तर बिनचूक होतं. त्यामुळे मला जास्तच राग आला, कारण चिडायला समोर कोणी माणूस नव्हता.

पुढचा प्रॉम्प्ट मी आणि श्रीकांतने मिळून लिहिला, दिवसभर भांडत. फॉर्म कोण भरतं, आजारी कोण आहे, तो कुठे आहे. कशाला हात लावायचा नाही. यश कशाला म्हणायचं, बुकिंगला की पेशंट पोचण्याला. प्रॉम्प्ट पानभर झाला. त्यातून आलेलं पान पहिल्याइतकं देखणं नाही. हिरवी रेघही तितकी चढली नाही, पण गाड्या घरी जाऊन पोचतात. जुन्या टेस्टच्या रिपोर्टवर श्रीकांतने ‘निष्कर्ष नाही’ असं लिहून टाकलं. मला त्यातून पुरेसा निष्कर्ष मिळाला होता.

अक्का अजूनही फोनवर आधी टोमणा मारतात, मग कामाचं बोलतात.

“काय गं, माणूस एअरपोर्टवर राहत नाही, हे तुझ्या त्या एआयला सांगितलंस का?”

“सांगितलं, अक्का. आता प्रॉम्प्टच्या पहिल्याच ओळीत लिहिते.”