काकांचा सातवा ग्लास

‘पानात टाकायचं नाही,’ असं म्हणत काका ताट बोटाने पुसून घ्यायचे. हॉकर सेंटरच्या, म्हणजे इथल्या खाऊगाड्यांच्या मंडईतल्या, प्लास्टिकच्या ताटलीतलं शेवटचं शीतही त्यांच्या हातून सुटत नसे. माझ्या ताटात काही उरलं, की एक शब्द न बोलता त्याच्याकडे बघत बसायचे. तुमच्याही ओळखीत असं कुणी असेल, तर ती नजर किती बोचते हे तुम्हाला सांगायला नको.

काका आमच्या ऑफिसातले चाचणीप्रमुख. मूळ पुण्याचे, आता माझ्यासारखेच परदेशात, मुक्काम हौगांगला, वय बावन्न. आम्ही लिहिलेला प्रोग्राम त्यांनी तपासून संमती दिल्याशिवाय गिऱ्हाइकाकडे जात नसे.

दोन हजार चौदा-पंधराच्या सुमारास एका शुक्रवारी मला घरी जायची घाई होती आणि काका आधीच निघून गेले होते. मी त्यांच्या नावाने संमतीचं बटण दाबलं आणि प्रोग्राम पाठवून दिला. शनिवारी गिऱ्हाइकाचं गोदाम दिवसभर ठप्प. सोमवारी काकांनी आधी ती नोंद पाहिली, मग मला पाहिलं. मी हात जोडले. ते एवढंच म्हणाले, ‘बघू.’

त्या ‘बघू’वर मी नऊ दिवस काढले.

दहाव्या दिवशी जर्मनीहून मोठे साहेब आले. ऑफिसात त्यांनी चौकशीचा चकार शब्द काढला नाही. आम्हा दोघांना ईस्ट कोस्टच्या एका जर्मन रेस्टॉरंटात जेवायला नेलं. जेवताना माणूस खरं बोलतो, असा त्यांचा समज असावा. लाकडी बाकं, भिंतीवर हरणाची शिंगं. दोघांपैकी एकाची नोकरी जाणार हे उघड होतं. नोकरी गेली की इथे राहायचा पास गेला, आणि पास गेला की बिऱ्हाड आवरून मायदेशी परतायचं.

काकांपुढे आणि माझ्यापुढे बटाट्याचे गोळे आणि आंबवलेला कोबी आला. साहेबांपुढे डुकराचा अख्खा पाय, त्यात सुरी उभी खोचलेली. मला तो माझाच वाटला.

मग बिअर आली, उंच, बारीक ग्लासांतून. काका वर्षातून एकदा, थर्टीफर्स्टला, अर्धा ग्लास घेणारे. पण इथे ग्लास रिकामा झाला, की वेटर न विचारता दुसरा भरलेला आणून ठेवी. काकांना वाटलं, हा पंगतीतला आग्रह. यजमानाचं मन मोडायचं नाही, आणि उरवायचं तर मुळीच नाही. ते संपवत गेले, तो आणत गेला.

तिसऱ्या ग्लासाला काकांनी शर्टाचं वरचं बटण सोडलं. चौथ्याला काकूंच्या अळूवडीची कृती साहेबांना इंग्रजीत समजावली. पाचव्याला लहानपणी वडिलांचा चष्मा लपवल्याची गोष्ट निघाली. ‘तासाभरात कबूल केलं, साहेब. माझ्या पोटात काही राहत नाही.’

साहेब मान डोलावत होते. मी काकांचे ग्लास मोजत होतो.

सहावा संपला, सातवाही संपला. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरच्या माणसाने ग्लासाखालचा गोल पुठ्ठा उचलून रिकाम्या ग्लासावर झाकणासारखा ठेवला, आणि वेटर मुकाट्याने पुढे गेला. तर ही इथली पुरे म्हणायची रीत! मी हात लांबवून काकांच्या ग्लासावर पुठ्ठा ठेवला. त्याच क्षणी साहेबांनी सुरी खाली ठेवली आणि काकांना विचारलं, त्या शुक्रवारी संमती कुणी दिली?

काकांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या ताटातल्या उरलेल्या अन्नाकडे पाहायचे, तसंच.

‘नोंदीत नाव माझं आहे,’ ते म्हणाले. ‘म्हणजे मीच.’

साहेब माझ्याकडे वळले. मी कोबी कापत राहिलो.

परतताना टॅक्सीत काका काचेला डोकं टेकून बसले होते. मी तोंड उघडलं, तेवढ्यात म्हणाले, ‘गप रे. माझी दोन्ही मुलं मार्गाला लागली. तुझी लेक अजून पहिलीत आहे.’ हौगांगला उतरताना त्यांचा तोल गेला. मी हात पुढे केला. त्यांनी टॅक्सीच्या दाराचा आधार घेतला.

महिन्याभरात काका-काकू पुण्याला गेले. तिथे त्यांना पुन्हा नोकरी मिळाली नाही, असं कानावर आलं. खरं काय ते विचारायला मी कधी फोन केला नाही.

माझ्या पुंगोलच्या घरी पाहुणे आले की हा किस्सा मी वेटरच्या चालीसकट करून दाखवतो. सातव्या ग्लासावर पुठ्ठा ठेवतो, लोक पोट धरून हसतात आणि मी तिथेच थांबतो. बायको त्याआधीच उठून आत गेलेली असते.