धाऊचं जातं आणि कासवखडकाचं भिंग

डोळखांबजवळच्या पाड्यात त्याला ‘दळणारा धाऊ’ म्हणत. बाप लवकर गेला, बहीण नव्हती आणि आई बाईजाचा उजवा हात बांधावरून पडून कायमचा वाकडा झालेला. मग नाचणी दळायची कोणी? धाऊ जात्यावर बसला. पुरुषानं जात्याला हात लावणं लाजिरवाणं, असं गावानं ठरवलं होतं. उपाशी राहण्याबद्दल मात्र गावानं काही ठरवलं नव्हतं. बाईजा समोर बसून ओवी म्हणे, धाऊ खुंटा ओढी आणि लोक दारावरून हसत जात.

एकोणीसशे पस्तीस साली भातकापणी उरकून धाऊ कामासाठी मुंबईकडे उतरला. एका मुकादमानं त्याला भर समुद्रातल्या कासवखडकाच्या दीपगृहावर खलाशी म्हणून चिकटवून दिला. रॉकेलचे डबे घेऊन एकशेवीस पायऱ्या चढायचं काम. डोंगरातल्या पायांना त्याचं काय! पगारातून तो बाईजाला दळणाचे पैसे धाडी.

दिवा राखणारे डिमेलो मास्तर मोठे बोलके. त्यांनीच सांगितलं की, पूर्वी या बेटावर नुसती लाकडं पेटवत, पुढे खोबरेलाच्या वाती आल्या आणि मग विलायतेहून हे माणसाहून उंच भिंग आलं. आत रॉकेलच्या वाफेवर गॅसबत्तीसारखी जाळी जळे. एवढं जड भिंग, पण पाऱ्याच्या कुंडात तरंगत असल्यानं बोटानंही हले. त्याला फिरवायला घड्याळासारखं यंत्र होतं. अर्ध्या मिनिटाला एक फेरा. त्या ठेक्यावरूनच बोटवाले हे बेट ओळखत; ठेका चुकला तर बोट खडकावर.

खलाशानं पितळ घासायचं, यंत्र चालवणारं वजन खाली आलं की दोरानं वर ओढायचं, पण भिंगाला हात लावायचा नाही, असा कायदा होता. वजन ओढताना धाऊ सवयीनं आईची ओवी गुणगुणे. ओवी सरे तिथंच भिंगाचा फेराही सरे, हे त्यानं पहिल्याच महिन्यात ताडलं होतं.

अडतीसच्या श्रावणात यंत्राच्या चाकाचा दाता तुटला. समुद्र असा खवळलेला की नवं चाक घेऊन होडी येईना. मास्तर आणि त्यांचा जोडीदार आळीपाळीनं घड्याळ बघत भिंग ढकलू लागले. घड्याळ बघावं तर हात थांबे, हात चालवावा तर घड्याळ राहून जाई. दूर एका बोटीचा दिवा दिसत होता. धाऊनं डबा खाली ठेवला.

“मास्तर, बाजूला व्हा. मी फिरवतो.”

“कायदा ठाऊक आहे ना तुला?”

“मला हाय. त्या बोटीला हाय का?”

त्यानं भिंगाला हात लावला आणि ओवी धरली. मास्तरांनी दहा फेरे घड्याळाशी ताडून पाहिले, मग घड्याळ खिशात ठेवलं. सहा रात्री धाऊनं भिंग फिरवलं.

सातव्या दिवशी चाकासोबत दीपगृह खात्याचे साहेबही आले. कायदा मोडल्याचं वर कळलं तर त्यांनाही जाब द्यावा लागला असता, म्हणून त्यांनी कागदच लिहून ठेवला: खलाशानं भिंगाला हात लावला नाही. खाली अंगठा द्यायचा.

“दे बाबा,” मास्तर कुजबुजले. “नोकरी राहील.”

“हात लावला,” धाऊ साहेबांना म्हणाला. “सा रात्री लावला. येक तरी बोट लागली का खडकाला? मंग खोटं कशाला लिवता?”

अंगठा त्यानं दिला नाही. त्याच होडीनं त्याला परत धाडला.

पाड्यात शिरताच शेजारचा महिपत ओसरीवरून ओरडला, “काय रं धाऊ, नोकरी गेली ना? आता बस जात्यावर!”

“बसतो की,” धाऊ म्हणाला. आजवर आतल्या अंधारात दळण होई. त्यानं जातं उचलून भर दुपारी अंगणात, अगदी वाटेच्या कडेला मांडलं. “याच हातानं सा रात्री बोटी राखल्यात. ज्याला हसाचं त्यानं हितं समोर बसून हसावं.”

समोर कोणी बसलं नाही. महिपतही उठून आत गेला. आली ती बाईजा. तिनं डाव्या हातानं नाचणीची मूठ जात्यात टाकली आणि बेटावरची सगळी हकीकत ऐकून घेतली.

“ओवी कोनती म्हनलास?”

“तुजीच. दुसरी कोनती येते मला?”

बाईजानं आणखी एक मूठ जात्यात टाकली.

“मंग त्या सायबाला माजं नाव का नाय सांगितलंस?” ती म्हणाली आणि सगळ्या पाड्याला ऐकू जाईल अशी तिनं ओवी धरली.