हेमचंद्ररावांची कोरी बाही

हेमचंद्र देवपुजारी यांना आयुष्यात ज्या ज्या गोष्टी मनापासून हव्या होत्या, त्यातल्या निम्म्या त्यांनी स्वतःच्या तोंडाने घालवल्या. तोंड वाईट होतं असं मुळीच नाही. चांगल्या वळणाचं होतं, हीच पंचाईत. माणूस नागपूरच्या महाल भागातला. तिथे कुणी काही देऊ केलं की पहिल्यांदा ‘नको’, दुसऱ्यांदा ‘अहो, कशाला’ आणि तिसऱ्यांदा मुकाट्याने घ्यायचं, अशी रीत. पंगतीत जिलबी आली की पानावर हात आडवा धरायचा, पण बोटांत दोन जिलब्या सहज उतरतील एवढी फट ठेवायची. पहिल्याच ‘नको’ला जो वाढपी पुढे सरकेल, त्याच्या घराण्याबद्दल लोक रात्री बोलत.

बायको मात्र पुण्याची मिळाली. लग्नानंतरच्या पहिल्या सकाळी अरुणाबाईंनी विचारलं, ‘‘आणखी चहा?’’ हेमचंद्रराव रीतीप्रमाणे ‘नको’ म्हणाले, आणि अरुणाबाईंनी पातेलं मोरीत विसळून टाकलं. तेव्हापासून त्या घरात ते एक कप चहावर राहिले.

नोकरी संपल्यावर दोघं मुलीकडे, ऊर्मीकडे, कॅनडात किचनरला आली. ती तिथल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत. तिच्या बेसमेंटमध्ये यांचा संसार मांडला गेला. आणि हेमचंद्ररावांच्या लक्षात आलं की कॅनडा म्हणजे एक मोठं थोरलं पुणंच आहे. ‘नको’ म्हटलं की लोक हसून ‘नो वरीज’ म्हणतात आणि खरोखरच वरी करत नाहीत. शेजारणीचा ॲपल पाय असाच गेला. ऊर्मीच्या मॅनेजरने देऊ केलेली जवळजवळ नवी सायकलही अशीच दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये गेली.

लिंडन फील्ड नावाचं मैदान तेवढं हातचं गेलं नाही, आणि तेही केवळ कुणी विचारलं नाही म्हणून. पहिल्याच उन्हाळ्यात फिरायला निघाले असताना बॅटवर चेंडू बसल्याचा आवाज आला. क्रिकेट समजून आत शिरले, तर बेसबॉल. लाकडी, हिरवी रंगवलेली जुनी गॅलरी, मोजून दीड-दोनशे माणसं आणि ‘मिलर्स’, म्हणजे पीठगिरणीवाले, नावाचा स्थानिक हौशी संघ. खेळातलं ओ की ठो कळेना, पण बसून राहिले. दुसऱ्या आठवड्यातही आले. तिसऱ्या आठवड्यात क्लबची अध्यक्षीण डार्लीन धावत आली. माणसं कमी पडली होती. तिने यांच्या अंगावर एक लाल जाकीट फेकलं, हातात टॉवेल कोंबला आणि खुर्च्या पुसायला लावून निघून गेली. विचारलं असतं, तर ‘नो नो’ म्हणून बसले असते घरी.

तेव्हापासून दर उन्हाळ्यात हेमचंद्रराव तिथले हेम झाले. दवाने ओल्या झालेल्या खुर्च्या पुसायच्या, म्हाताऱ्यांना हात धरून जागेवर बसवायचं, खेळ चालू असताना पायऱ्यांवर उभं राहणाऱ्याला दटावायचं. ‘‘सर, प्लीज, सिट डाऊन, बॉल चालू आहे!’’ हे ते असंच अर्धं मराठीत म्हणत आणि लोक बसत. सबंध शहरात त्यांना नावाने हाक मारणारी माणसं तेवढ्या एका कुंपणाच्या आत होती. बेसमेंटमध्ये राहणारा माणूस ऊर्मीचा बाप होता, ग्रोसरीच्या दुकानात तो कुणीच नव्हता, आणि लिंडन फील्डवर तो हेम होता.

यंदा बातमी आली की हंगाम संपला की गॅलरी पाडणार. हायवेजवळ नवं स्टेडियम होणार. जुन्या मैदानाच्या निरोपासाठी क्लबने खेळाडूंच्या जर्सीच्या उजव्या बाहीवर लावायला एक कापडी बिल्ला, त्यांच्या भाषेत पॅच, करून घेतला. गोल, मध्ये हिरवी गॅलरी, खाली मैदान सुरू झाल्याचं आणि बंद होण्याचं साल. भरतकाम असं सुबक की गॅलरीचा वाकलेला कोपरासुद्धा वाकलेलाच काढला होता. हेमचंद्ररावांनी तो बघितला आणि लहान मुलासारखा त्यांना तो हवासा झाला. इतकी वर्षं पुसलेल्या खुर्च्या सरपणात जाणार होत्या. आपणही इथलेच होतो, याची तेवढीच एक खूण अंगावर राहिली असती.

पहिल्या सामन्याला डार्लीन उरलेल्या बिल्ल्यांचा डबा घेऊन आली. ‘‘हेम, डू यू वाँट वन फॉर युवर जॅकेट?’’

‘‘नो, नो,’’ हेमचंद्रराव म्हणाले. ‘‘इट्स फॉर द प्लेयर्स. आय ॲम ओके.’’

आणि मान किंचित तिरकी करून दुसऱ्या विचारण्याची वाट बघत उभे राहिले.

‘‘नो वरीज!’’ म्हणून डार्लीन पुढे गेली.

डबा सगळीकडे फिरला. पार्किंगवाल्याला मिळाला, पॉपकॉर्नच्या खिडकीतल्या मुलीला मिळाला, नेहमीच्या प्रेक्षकांना मिळाला, आणि संघाचं सोंग म्हणून जे पीठगिरणीवाल्याचं मोठं डोकं घालून एकजण नाचतो, त्या सोंगालासुद्धा मिळाला. डबा रिकामा झाला. कोरी बाही उरली ती एकट्या हेमचंद्ररावांची.

‘‘सरळ मागा ना,’’ अरुणाबाई म्हणाल्या.

‘‘मागून घेतलं तर काय मजा राहिली? तिनं परत विचारायला पाहिजे.’’

‘‘ती कशाला विचारेल? तुम्ही नको म्हणालात.’’

‘‘अगं, मी काय सांगून राहिलो, अन् तू काय ऐकून राहिली! तो नको म्हणजे नको नव्हता!’’

‘‘मग काय होता?’’ अरुणाबाईंनी अगदी खरोखर विचारलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

मग सुरू झाल्या सूचना. हेमचंद्रराव डार्लीनसमोर दुसऱ्यांच्या बिल्ल्यांची तारीफ करू लागले. बोलताना उजवा खांदा तिच्याकडे करून उभे राहू लागले. एकदा तर कोऱ्या बाहीवर बोट फिरवून त्यांनी मोठा सुस्कारा सोडला. डार्लीनने तो ऐकला, त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि डोळे पुसत निघून गेली. हेमचंद्ररावांना वाटलं, काम झालं.

काम भलतंच झालं होतं. पुढच्या सामन्याला वॉल्टर त्यांच्याकडे आला. वॉल्टर म्हणजे पहिल्या रांगेतला ऐंशीचा म्हातारा, गॅलरी पाडायला ज्याचा कडवा विरोध. त्याने हेमचंद्ररावांचा हात दोन्ही हातांत धरून गदगदा हलवला. ‘‘डार्लीनने सांगितलं मला. सगळ्यांनी निमूटपणे निरोपाचा बिल्ला लावून घेतला. तू एकटा नाही म्हणालास. यू हॅव अ स्पाइन, हेम!’’

हेमचंद्ररावांनी तोंड उघडलं. पण समोरचा माणूस रडत होता, आणि रडणाऱ्या माणसाला मध्येच तोडू नये हेही त्या चांगल्या वळणातच बसत होतं. ते म्हणाले, ‘‘थँक यू.’’

झालं! जुलैपर्यंत हेमचंद्रराव निषेधाचे पुढारी झाले. वॉल्टरने आपल्या बिल्ल्यावर काळी पट्टी चिकटवली. पॉपकॉर्नवाली मुलगी आपला बिल्ला हाताने झाकून त्यांना फुकट पॉपकॉर्न देऊ लागली. अनोळखी लोक पायऱ्यांवर थांबून त्यांच्या कोऱ्या बाहीला हात लावत. आणि ज्याला तो बिल्ला सबंध मैदानात सगळ्यात जास्त हवा होता, त्याला आता तो मागायचीही सोय राहिली नाही. जेवणात लक्ष लागेना. अरुणाबाईंनी ‘भात वाढू का’ म्हणून दोनदा विचारलं, पुण्याचं सगळं शिक्षण बाजूला ठेवून. त्यावरून त्यांना किती काळजी वाटत होती ते समजावं.

सप्टेंबरात शेवटचा सामना आला. भरदुपारी गॅलरी गच्च. अरुणाबाई आणि ऊर्मी तिसऱ्या रांगेत. खेळ सुरू व्हायच्या आधी डार्लीन माइक घेऊन मैदानात उतरली आणि तिने हेमला बोलावलं. टॉवेल खांद्यावर तसाच ठेवून हेमचंद्रराव गेले.

‘‘या मैदानाला गुडबाय म्हणायला एकाच माणसाने नकार दिला,’’ डार्लीन म्हणाली आणि तिने एक घडी उलगडली. खास त्यांच्यासाठी शिवलेली मिलर्सची जर्सी होती. पाठीवर मोठ्या अक्षरांत हेम. ‘‘आणि बाही आम्ही मुद्दाम कोरी ठेवली आहे!’’

गॅलरी उठून उभी राहिली. लाकडी फळ्यांवर पाय आपटायला लागली. हेमचंद्ररावांनी ती कोरी बाही बघितली आणि त्यांना स्वतःचा असा संताप आला, की तसा सायकल गेली तेव्हाही आला नव्हता. आता थँक यू म्हटलं की संपलं. जर्सी घरी जाईल, गॅलरी पडेल आणि आपण जन्मभर एका खोट्या शौर्याची बाही घालून फिरू. त्यांनी माइक हातात घेतला.

‘‘डार्लीन, आय वाँटेड द पॅच.’’

पाय थांबले.

‘‘आमच्याकडे पहिला ‘नो’ खरा नसतो,’’ ते आपल्या नागपुरी इंग्रजीत सांगू लागले. ‘‘तुम्ही परत विचारायचं असतं. मी मे महिन्यापासून वाट बघतोय. मी पुढारी नाही. सॉरी, वॉल्टर. हे मैदान मला आवडतं, आणि मला फक्त तो पॅच पाहिजे होता.’’

मग कुणीतरी फिसकन हसलं आणि गॅलरीभर हसू पसरलं. डार्लीनही हसली, आणि मग तिचा चेहरा पडला. डबा तर कधीच रिकामा झाला होता. तिने इकडेतिकडे बघितलं, संघाच्या डॉक्टरकडून कात्री मागून घेतली आणि स्वतःच्या जाकिटाच्या बाहीवरचे टाके कापायला सुरुवात केली. ती गॅलरी तिच्या बापाने रंगवली होती, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. हसणं थांबलं. दोरे लोंबणारा बिल्ला तिने पुढे धरला.

‘‘हेम, डू यू वाँट इट?’’

‘‘नो, नो, डार्लीन,’’ हेमचंद्रराव म्हणाले. या वेळी मात्र त्यांनी ते अगदी मनापासून म्हटलं. ‘‘दॅट इज युवर्स.’’

डार्लीन गोंधळली. हात तसाच हवेत राहिला. तेवढ्यात पहिल्या रांगेतून वॉल्टर काठीच्या आधाराने उठला आणि त्या वयाला न शोभेल एवढ्या आवाजात ओरडला, ‘‘आस्क हिम अगेन!’’

गॅलरीने ते उचलून धरलं. ‘‘अगेन! अगेन!’’ त्यात सगळ्यात कर्कश आवाज तिसऱ्या रांगेतून येत होता, आणि तो अरुणाबाईंचा होता.

डार्लीनने परत विचारलं. हेमचंद्ररावांनी परत मान हलवली. पाय आणखी जोरात आपटले. तिसऱ्यांदा विचारताना डार्लीन अगदी जवळ आली, आणि तिचा आवाज माइकशिवाय फक्त त्यांनाच ऐकू आला.

हेमचंद्ररावांनी हात पुढे केला.

‘‘हवा होता गं मला,’’ ते मराठीतच म्हणाले, आणि एवढ्या माणसांसमोर टॉवेलात तोंड खुपसून रडले.