शनिवारचा ग्रुप आणि गजाननची मेथी

चार बोलकी माणसं जमली की गप्पा होतात. पण बोलायला घाबरणारी पाच माणसं जमली की किस्सेच किस्से होतात, हे मला अमरावतीच्या आमच्या शनिवारच्या ग्रुपने शिकवलं. लोकांसमोर आमची दातखीळ बसते, म्हणून आम्ही एका कौन्सेलर मॅडमकडे थेरपीला जातो. त्या दर आठवड्याला होमवर्क देतात आणि आम्ही त्याची वाट लावतो! पाचातल्या दोघांनी तर "आमचं नाव लिहू नका" हेसुद्धा मला चिठ्ठीवर लिहून दिलं.

*

पहिल्या दिवशी मॅडम तासभर आत वाट बघत बसल्या. कोणीच येत नाही म्हणून घरी निघायला त्यांनी दार उघडलं, तर जिन्यात आम्ही पाचही जण उभे! प्रत्येकाच्या कानाला मोबाइल आणि कोणाचाच कॉल चालू नाही.

"अहो, बेल का नाही वाजवली?"

"मले वाटलं, यायनं वाजवली असन," अकोल्याच्या सुषमाताई म्हणाल्या. बाकी चौघांनी माना डोलावल्या.

*

गजानन चांदूर बाजारचा, तिशीतला. घरची भाजीची शेती. आठवडी बाजारात हाळी देऊन भाजी विकायची ती त्याची आई. तिचे गुडघे गेले आणि टोपलं गजाननपुढे आलं. पण याच्या तोंडून हाळीच निघेना! तीन बाजार मेथी तशीच घरी परत आली. आई म्हणाली, "बोलनाऱ्याचे बोरं इकतात, न बोलनाऱ्याचे गहूबी पडून राह्यतात." हे त्याने सांगितलं, आणि तेव्हापासून माझा या पोरावर जीव जडला.

त्याचं पहिलं होमवर्क होतं, अनोळखी माणसाला पत्ता विचारायचा. त्याने बसस्टँडचा विचारला. आमच्याकडे नुसता पत्ता कोण सांगतो? "बसा गाडीवर, सोडून देतो!" याला नाही म्हणता येईना. स्टँडवर त्या भल्या माणसाने मोर्शीच्या गाडीत जागासुद्धा धरून दिली.

पुढच्या शनिवारी मॅडमनी विचारलं, "कसं वाटलं?"

"मोर्शी चांगलं हाये."

*

सुषमाताई सरकारी ऑफिसात आहेत. तिथे सगळ्यांचं काम त्यांच्याच टेबलावर येऊन पडतं. त्यांचं होमवर्क एकच, एकदा तरी "नाही" म्हणायचं. आठवडा कोरडा गेला. शनिवारी मॅडमनी चहाचा कप पुढे केला आणि ताई गरजल्या, "नाही!"

आम्ही टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्यावर ताई हळूच म्हणाल्या, "चहा पायजे होता मॅडम. पन मंग नाई कोनाले म्हनू?"

*

मला फोनची भीती. होमवर्क होतं, दुकानात फोन करून वेळ विचारायची. मी सगळं कागदावर लिहून घेतलं आणि घडाघडा वाचलं, "नमस्कार, तुमचं दुकान किती वाजता बंद होतं, इथे थांबून श्वास घ्यावा."

पलीकडून आवाज आला, "घेतला भाऊ. नऊ वाजता."

*

शेवटी गजाननचं मोठं होमवर्क आलं. बाजारात हाळी द्यायची! त्याला धीर म्हणून आम्ही चौघं गिऱ्हाईक होऊन जायचं ठरलं. मॅडमनी बजावलं होतं, "त्याने हाळी दिल्याशिवाय कोणी एक जुडी घ्यायची नाही."

गजानन मेथी मांडून बसला. आम्ही समोर उभे. तो तोंड उघडायचा आणि मिटायचा. पण दुकानापुढे काही न घेता किती वेळ उभं राहणार? मला लाज वाटली, मी एक जुडी उचलली. ताईंनी दोन घेतल्या. चिठ्ठीवाल्यांनी तर पिशव्याच भरल्या. गर्दी बघून बाजारातली खरी गिऱ्हाइकं धावली आणि बघता बघता टोपलं रिकामं! गजानन अवाक्षर बोलला नव्हता. मॅडमना काय सांगायचं, या काळजीत आम्ही माना खाली घालून परत फिरलो.

तेवढ्यात मागून आवाज फुटला, "घ्याऽऽ मेथी! ताजी मेथीऽऽ!"

अख्खा बाजार वळून बघायला लागला. गजानन उभा राहून ओरडत होता! ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही.

शेजारी मेथीच घेऊन बसलेली मावशी म्हणाली, "अरे बापू, टोपलं तं खाली हाये! काय इकून राहिला?"

"माहीत हाये मावशी, पन आवाज आत्ताच निंघाला. तुही मेथी सरकव इकडं!"