मागच्या चाकातला छर्रा

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, देवापुढं उभं राहूनसुद्धा नाही. तुम्हाला सांगतोय ते का, ते मला नीट सांगता यायचं नाही.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. बारामती-इंदापूर रस्त्यावर माझं गॅरेज होतं. माझा हात चांगला होता, आणि तो चांगला आहे हे मला जरा जास्तच ठाऊक होतं. कळस गावचे सोपानराव माझ्याकडंच गाडी आणायचे. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. यांनी ती विकून जुनी पिकअप घेतली आणि डाळिंबाच्या भाड्याला लावली. त्यांच्या सात पिढ्यांत स्टिअरिंगला हात लावणारे हे पहिलेच. गाव चेष्टा करायचं — धनगराचा गडी, हॉर्नऐवजी हुर्र करतोय. ते हसायचे आणि माझ्याकडं बघून म्हणायचे, ‘मिस्त्री पाठीशी हाय, मला काय भ्या.’

त्या श्रावणात त्यांच्या मागच्या डाव्या चाकात ब्रेकचं ऑईल गळायला लागलं. सिलिंडरचं रबर गेलं होतं. रबराचं नवं किट बारामतीतही मिळेना, आठ दिवस लागतील म्हणाले. अशा वेळी सगळे मिस्त्री करतात तेच मी केलं. त्या चाकाकडं जाणाऱ्या नळीच्या तोंडाशी बेअरिंगचा छर्रा, म्हणजे पोलादी गोळी, बसवला आणि नट आवळला. गळती थांबते, पायाला ब्रेक कडक लागतो, पण ते चाक मात्र धरत नाही. चार दिवसांची सोय असते ती, आणि गिऱ्हाइकाला तसं सांगायचं असतं.

मी सांगितलं नाही. चार माणसं चहा पीत बसली होती, सोपानराव माझी तारीफ करत होते, आणि काम अर्धवट आहे हे त्यांच्यापुढं कबूल करणं माझ्या जिवावर आलं. म्हणालो, नवं रबर टाकलंय. एवढंच. किट आलं की गुपचूप बसवू, असं मनात होतं. किट आलंही — आणि दोन महिने खणात पडून राहिलं. विसरलो म्हणू? विसरलोच होतो. पण विसरायला आधी खोटं बोलावं लागलं होतं ना?

खंडेनवमीच्या सकाळी ते आले. आमच्याकडं त्या दिवशी हत्यारं पुजतात. पाने, जॅक, हातोडे सगळे धुऊन, हळदकुंकू लावून पाटावर मांडलेले. पूजा झाली की दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही.

‘मिस्त्री, मागचं ब्रेक लई कमी लागत्यात. माल भरला की गाडी रेटतीया.’

ऐकल्याबरोबर मला छर्रा आठवला. आणि तोंडातून काय निघालं?

‘आज हत्यार उचलत न्हाय, सोपानराव. दसरा झाल्यावर या. तवर दोनदा दाबून चालवा.’

सण आडवा आला, असं मी किती वर्षं स्वतःला सांगितलं. तेही खोटंच. त्याच दुपारी एका पुढाऱ्याची जीप आली, तेव्हा मी पाटावरचा पाना उचलला आणि कुंकू पुसून कामाला लागलो.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सोपानराव डाळिंबं भरून इंदापूरला निघाले. शेजारी त्यांची बायको, हिराबाई. कालव्याच्या पुलाच्या उतारावर ब्रेक दाबला आणि गाडी एका अंगाला ओढली, उलटली. सोपानरावांना खरचटलं. हिराबाई जागीच गेली.

गाडी ओढून माझ्याच दारात आणून लावली, जवळ दुसरं गॅरेजच नव्हतं. दुसऱ्या दिवशी आरटीओचे साहेब तपासायला येणार होते. मी भरदुपारी गाडी आत ढकलून शटर ओढून घेतलं, छर्रा काढला, किट बसवलं, ऑईल भरलं. साहेबांनी पाय दाबून बघितला, चाक फिरवून बघितलं. ब्रेकमध्ये दोष नाही, असं लिहून गेले. आणि गाव म्हणालं, मेंढरं वळणाऱ्यानं गाडी वळवायला जाऊ नये. मीही मान डोलावली त्यांच्यात.

तेरावं झाल्यावर सोपानराव आले. टोपी हातात घेऊन उभे राहिले.

‘गाडी तुमच्याच दारात हुती, तुमी बघितली आसंल म्हणून इच्यारतो. ब्रेक लागतच नव्हतं, का मलाच जमलं न्हाय? खरं सांगा. एकदा कळलं म्हंजी झालं.’

बघा — त्यांना ना भरपाई हवी होती ना भांडण. दोनातलं एक उत्तर हवं होतं, आणि ते माझ्या एकट्याकडं होतं.

‘ब्रेक चांगलं हुतं, सोपानराव,’ मी म्हणालो.

‘मग मीच मारली तिला,’ असं म्हणाले आणि गेले.

त्यांनी गाडी विकली. लोणी देवकर गावातल्या कंपनीत हमालीला लागले, सायकलवर जायचे. पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही, लेकीच्या वरातीतही जीपमध्ये पुढं बसले नाहीत. वाटेत भेटले की आपणहून रामराम घालायचे. मला ते सोसायचं नाही. मी दुसरीकडं बघायचो, आणि त्यांना वाटायचं मी त्यांच्यावर नाराज आहे.

मागच्या थंडीत ते अंथरुणाला खिळले, म्हणून बघायला गेलो. ओळखत नव्हते कुणाला. डोळे मिटलेले, पण उजवा पाय हलत होता. टाच टेकवून बाजेच्या पायथ्याची पट्टी दाबत होते. थांबायचे, पुन्हा दाबायचे. लेक म्हणाली, ‘वरसं झाली, झोपंत बी आसंच करत्यात.’ ती चहा टाकायला आत गेली. खोलीत आम्ही दोघंच उरलो. कानाशी वाकून सांगता आलं असतं. चहा येईपर्यंत मी त्या पायाकडं बघत बसलो, चहा प्यालो, आणि घरी आलो. तिसऱ्या दिवशी ते गेले.