शेजारी लावलेला पडदा

आमच्या बधिर सेवा केंद्राच्या बाई जन्मापासून बहिऱ्या. त्यांच्याआधीचे सगळे प्रमुख ऐकू येणारे. बहिऱ्यांचं भलं कशात आहे, हे ते आपसांतच ठरवत. बाई रुजू झाल्या तेव्हा कुजबुज झाली, "आता फोन कोण उचलणार?" मी त्यांची दुभाषी, म्हणून मी ते खुणांनी सांगितलं. बाई हातांनीच म्हणाल्या, "फोन तू उचल. निर्णय मी घेईन."

आणि घेतले. भांडून भांडून सरकारी दवाखान्यात आणि कोर्टात खुणांच्या भाषेचे दुभाषे बसवले. शाळेत हातांनी बोलल्या म्हणून छड्या खाल्लेल्या बाईंचा त्या भाषेवर भारी जीव. केंद्राचा सगळा कारभार खुणांनीच चाले.

एकदा बैठकीला म्हातारे शिंपीकाका आले. कान साठीनंतर गेलेले. हातांनी गप्पा रंगल्या, हशा पिकला, काका आपले याच्या-त्याच्या तोंडाकडे बघत बसले. शेवटी उठून म्हणाले, "बाहेरच्यांचं ऐकू येत नाही, तुमचं समजत नाही. इकडे आड, तिकडे विहीर! मी जायचं कुठं?"

बाई ताठ झाल्या. "खुणा शिका. आम्ही शिकवू." मी ते कागदावर लिहून दाखवलं.

"या वयात? सुईत दोरा ओवायची मारामार झालीय, बाई." काका निघून गेले.

बाईंना चैन पडेना. दुसऱ्या दिवशी मला घेऊन त्या काकांच्या घरी गेल्या. घर भरलेलं, नातवंडं एकमेकांवर ओरडून बोलत होती. काकांनी विचारलं, "काय झालं गं?" सून म्हणाली, "काही नाही, नंतर सांगते."

परतताना बाई वाटेतच थांबल्या. "हे 'नंतर सांगते' मी लहानपणापासून ओठांवर वाचत आलेय. ते नंतर कधी येतच नाही."

सभागृहात पडदा लावायचा, खुणांनी बोललेलं सगळं लगेच टाइप होऊन त्यावर दिसेल, असं बाईंनी मांडलं. जुने सहकारी चिडले. "इतक्या कष्टानं मिळवलेली भाषा बाजूला सारायची?"

"बाजूला नाही, शेजारी," बाई म्हणाल्या. "मीच दार बंद करून बसले, तर आधीच्या साहेबांत आणि माझ्यात फरक काय?"

पहिल्या सभेला बाईंनी काकांना घरी जाऊन आणलं आणि पडद्यावर स्वतः टाइप केलं : "लोक आपल्याकडे कानाडोळा करतात. आपल्याला कान नाहीत, म्हणून आपण नुसता डोळा मारायचा."

काका सगळ्यात आधी खो खो हसले. खुणांवर वाढलेल्या पोरांना ती शब्दांची कोटी कळली नाही, ती त्यांच्याकडे वळली, काय झालं? काकांनी बोटानं कान दाखवला, नाही म्हणून मान हलवली आणि झकास डोळा मारला. सभागृहात हशा फुटला.

आता काका केंद्राच्या समितीवर आहेत. उतारवयात कान गेलेल्यांची बैठक तेच चालवतात, आणि पडद्यावरची अक्षरं मोठी करा म्हणून बाईंशी दर वेळी कडाकडा भांडतात.